धडधाकट माकडांचीही नोंद ठेवा
(नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थच्या संचालकांना खुलं पत्र)

मा. संचालक,
नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ,
नागपूर



११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात आपल्या संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि रान यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी संस्था महाराष्ट्रात येते आहे, याचा तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. नवी संस्था म्हटली की इमारत, उपकरणं, पदभरती ही कामं आधी येतात. ती आपण करालच, त्यात माझ्यासारख्या बाहेरच्याने बोलण्यासारखं काही नाही. पत्रास कारण वेगळं आहे. आपल्या संस्थेने सुरुवातीपासूनच धडधाकट माकडांच्या नोंदी ठेवाव्यात, एवढी एकच विनंती करायची आहे. तिच्यामागे आफ्रिकेतली एक मोठी हकिकत आहे, ती सांगितल्याशिवाय विनंती विक्षिप्त वाटेल.

मेलेल्या माकडाचं महत्त्व आपल्याकडे सगळ्यांना कळतं, आणि त्याला कारणही तसंच आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात वानरं आणि माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. अलीकडच्या काळात तोच माकडताप गोव्यात सत्तरीत आणि आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्गाला येऊन ठेपला. ऐन काजूच्या हंगामात बागेतल्या पाचोळ्यात वावरणाऱ्यांना गोचीड चावते आणि ताप धरतो. त्यामुळे रानात माकड मेलेलं दिसलं की आरोग्य केंद्राला कळवायचं, हे तिथल्या माणसांना सांगावं लागत नाही. हे योग्यच आहे, तसंच चालू राहावं. पण त्यातून एक समजूत नकळत पक्की होते: जनावर आजारी दिसलं तरच त्याच्यात विषाणू. चार कोटींहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या एचआयव्ही या विषाणूचा उगम या समजुतीच्या भरवशावर कधीच सापडला नसता. कारण त्याच्या कुळातले विषाणू ज्या माकडांत हजारो वर्षं नांदत होते, ती माकडं मरत नव्हती.

त्या कुळाला एसआयव्ही म्हणतात. सहाराच्या दक्षिणेला माकडांच्या आणि चिंपांझी-गोरिलासारख्या कपींच्या चाळीसहून अधिक जातींत त्याचे विषाणू सापडले आहेत, आणि बहुतेक जातींचा विषाणू आपापला, वेगळा ओळखू येणारा आहे. आशियातल्या माकडांत तो रानात आढळत नाही. म्हणजे आपली काळ्या तोंडाची वानरं आणि लाल तोंडाची माकडं या प्रकरणातून सुटलेली. तरीही या प्रकरणाचा पहिला धागा सापडला तो आपल्याच माकडाच्या अंगात.

१९८५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका प्राइमेट केंद्रात, एड्ससारख्या आजाराने खंगलेल्या ऱ्हिसस माकडांत एचआयव्हीशी नातं सांगणारा विषाणू मिळाला. ऱ्हिसस म्हणजे उत्तर भारतात देवळाच्या पायऱ्यांवर प्रसादाची पिशवी हिसकावतं ते माकड. आधी वाटलं, विषाणू त्याचाच. तसं नव्हतं. अमेरिकेतल्या अशा केंद्रांत पश्चिम आफ्रिकेतून आणलेली, राखाडी अंगाची सूटी मँगाबी माकडंही होती आणि प्रयोगांच्या निमित्ताने एका जातीचं ऊतक दुसऱ्या जातीत टोचलं जात होतं. लुइझियानातल्या केंद्रात हे अगदी समोरासमोर घडलं. तिथल्या एका मँगाबीला कुष्ठरोग झाला होता. तो रोग अभ्यासता यावा म्हणून तिच्या अंगातलं ऊतक ऱ्हिससना टोचलं गेलं. कुष्ठरोगाच्या जोडीला आणखी काहीतरी त्यांच्यात गेलं आणि माकडं प्रतिकारशक्ती ढासळून मेली. ज्या मँगाबी माकडांत हा विषाणू मुळात होता, त्यांना त्याचं काही नव्हतं. कॅलिफोर्नियात कुरू या मेंदूच्या आजाराच्या जुन्या प्रयोगांतून असाच प्रवास झाला होता, हे तर कित्येक वर्षांनी जपून ठेवलेले नमुने आणि कागद तपासून कळलं. कुणीतरी ते फेकून दिले नव्हते म्हणून!

(जाता जाता: भारताने १९७८ मध्ये माकडांची निर्यात बंद केली. पण तोवर गेलेल्या माकडांची वीण तिकडे चालू राहिली, आणि एड्सवरच्या लसींच्या चाचण्यांत ‘भारतीय वंशाचं ऱ्हिसस’ हा आजही प्रचलित मापदंड आहे. या संशोधनात आपण इतके आतवर आहोत, याची आपल्याकडे फारशी जाणीव नाही.)

आता त्या मँगाबीकडे नीट बघू. तिच्या रक्तात विषाणू कमी असतात म्हणून ती वाचते, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिच्या रक्तात विषाणूंचा सुळसुळाट असतो, उपचार न घेतलेल्या एड्सच्या रुग्णाइतका. फरक पडतो तो शरीराच्या प्रतिसादात. संसर्ग झाल्यावर ऱ्हिससप्रमाणेच मँगाबीचीही प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते, इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनाच्या हाकेला ओ देणारी जनुकं कामाला लागतात. पण काही आठवड्यांत मँगाबी ही सगळी धावपळ आवरती घेते. ऱ्हिससला आणि माणसाला ते जमत नाही. धावपळ वर्षानुवर्षं चालू राहते, आतड्याचं अस्तर फाटतं, जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, यंत्रणा आणखी भडकते आणि शेवटी स्वतःच्याच ओझ्याखाली कोसळते. शिवाय विषाणूला पेशीत शिरायला सीसीआर५ नावाचं जे दार लागतं, ते मँगाबी आपल्या मोक्याच्या पेशींवर फार थोडं ठेवते. हिरव्या माकडांची, म्हणजे व्हर्व्हेट आणि त्यांच्या भावंडांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या सीडी४ पेशी अनुभवी झाल्या की अंगावरचं सीडी४, म्हणजे विषाणू ज्याला धरतो ते प्रथिन, उतरवून टाकतात, पण काम तेच करत राहतात. विषाणूला पकडायला जागाच उरत नाही.

मला सगळ्यांत आवडतं ते लालटोप मँगाबीचं उदाहरण. गॅबन-कॅमेरूनकडच्या या माकडांपैकी बहुतेकांत सीसीआर५ चं जनुक चोवीस अक्षरांनी तुटलेलं आहे. दारच पार मोडलं. तर त्यांच्या विषाणूने सीसीआर२ या दुसऱ्या दाराने यायची सवय लावून घेतली. माकडाने एक चाल केली, विषाणूने दुसरी. यात कुणी हरलं-जिंकलं म्हणता येत नाही, दोघंही अजून रानात आहेत.

हा खेळ किती जुना? पूर्वीच्या जनुकीय गणितांनी एसआयव्हीचं वय काही शतकं, फार तर एखाद-दोन हजार वर्षं काढलं होतं. मग विषाणूंच्या उत्क्रांतीचे अभ्यासक मायकेल वोरोबे आणि सहकाऱ्यांनी बियोको बेटाकडे मोर्चा वळवला. गिनीच्या आखातातलं हे बेट सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढली तेव्हा मुख्य भूमीपासून तुटलं. माकडं दोन्हीकडे राहिली, भेटीगाठी बंद झाल्या. बेटावरच्या चार जातींत एसआयव्ही सापडला, प्रत्येकीचा वेगळा, आणि बेटावरच्या ड्रिल माकडाच्या विषाणूचं नातं मुख्य भूमीवरच्या मँड्रिलच्या विषाणूशी जुळलं. याचा अर्थ समुद्र मध्ये आला तेव्हा विषाणू त्यांच्यात होताच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या हिशेबाने एसआयव्हीचं वय किमान ३२,००० वर्षांवर नेलं, खरं वय त्याहूनही पुष्कळ जास्त असणार. जनुकांचं घड्याळ एकटं भरवशाचं नव्हतं, त्याला भूगोलाची साक्ष लागली. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर सगळा पैसा घालण्याआधी आपण हे ध्यानात घ्यावं, असं मला वाटतं.

वैविध्याचं दुसरं कारण म्हणजे सरमिसळ. हिरव्या माकडांच्या चार मुख्य जाती आफ्रिकाभर पसरलेल्या आहेत आणि चारींचा एसआयव्ही जिचा तिचा. पण त्यांतल्या पश्चिमेकडच्या जातीचा विषाणू तपासला तर त्याचा काही भाग लालटोप मँगाबीच्या विषाणूच्या वाटेने जातो. कधीतरी एकाच माकडात दोन विषाणू एकत्र आले आणि त्यांच्या पट्ट्या एकमेकांत गुंतल्या. हिरव्या माकडांच्या वयात आलेल्या जनावरांत संसर्ग सर्रास आढळतो, पिल्लांत क्वचित. २०१७ मध्ये आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवरच्या १६३ व्हर्व्हेटांचे जनुकसंच वाचले गेले. निवडीचा दाब सर्वांत ठळक दिसला तो ज्या जनुकांचा एचआयव्हीसारख्या विषाणूंशी संबंध येतो, त्यांच्यात. म्हणजे विषाणूने माकडाला घडवलं आहे, नुसता त्याच्यात राहिलेला नाही. कॅरिबियन बेटांवर काही शतकांपूर्वी जहाजांतून नेलेल्या हिरव्या माकडांच्या वंशजांत एसआयव्ही नाही, हेही इथे नोंदवतो. जे मोजके जीव नेले, त्यांच्याबरोबर तो गेला नाही, एवढंच.

चिंपांझीचा विषाणू तर या सरमिसळीचाच पोर. चिंपांझी माकडं मारून खातात. लालटोप मँगाबीचा विषाणू आणि ग्वेनन माकडांच्या काही जातींचा विषाणू चिंपांझीच्या अंगात एकत्र आले आणि त्या दोहोंपासून तिसरा तयार झाला. त्या जोडकामात एक जनुक, व्हीपीएक्स, गळून पडलं आणि त्याच्या शेजारचं व्हीआयएफ बदललं. त्यातून तो चिंपांझीच्या संरक्षक प्रथिनांना पुरून उरला. पुढे माणसापर्यंत आला तो हाच.

पण तो मध्य आफ्रिकेतल्या नेमक्या कुठल्या रानातून आला, हे कसं कळणार? रानातल्या चिंपांझीला सुई टोचून रक्त घेता येत नाही, आणि तसं करूही नये. विषाणुशास्त्रज्ञ बिएट्रिस हान यांच्या गटाने आणि त्यांच्या कॅमेरूनमधल्या व फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग मला विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांइतका मोलाचा वाटतो. त्यांनी विष्ठा गोळा केली. स्थानिक वाटाडे पहाटे चिंपांझींच्या रात्रीच्या घरट्यांखाली जात, ताजी विष्ठा काडीने उचलून आरएनए टिकवणाऱ्या द्रावणाच्या नळीत टाकत, जागा आणि वेळ लिहीत. शीतपेटीची गरज नाही, बर्फ नाही, नमुना रानातल्या उकाड्यात काही दिवस तग धरी. त्या चिमूटभर विष्ठेतून चार गोष्टी बाहेर येत: जनावर खरंच चिंपांझी आहे का, नर की मादी, आधी तपासलेलंच आहे का नवं, आणि त्याच्यात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं किंवा खुद्द विषाणूचा आरएनए आहे का. २००६ साली दक्षिण कॅमेरूनमधल्या दहा ठिकाणच्या सुमारे सहाशे नमुन्यांवरून त्यांनी दाखवलं की जगभर पसरलेल्या एचआयव्ही-१ च्या एम गटाशी सर्वांत जवळचं नातं आग्नेय कॅमेरूनच्या कोपऱ्यातल्या चिंपांझींच्या विषाणूचं आहे. तिथून सांगा नदी काँगोला मिळते आणि काँगो किन्शासाला जाते. १९२० च्या सुमारास किन्शासात विषाणूने मूळ धरलं, तिथून रेल्वेने आणि माणसांच्या गर्दीने तो पुढे नेला, हे नंतरच्या अभ्यासांतून जुळत गेलं.

इथपर्यंत सगळ्यांचा समज होता की मँगाबीप्रमाणे चिंपांझीलाही या विषाणूचा त्रास होत नसावा. पिंजऱ्यातले जे थोडे संसर्गित चिंपांझी बघायला मिळाले, त्यांवरून तसंच वाटत होतं. हा समज मोडला तो टांझानियात गोंबेला. जेन गुडॉल यांनी १९६० पासून तिथे सुरू केलेल्या निरीक्षणांत प्रत्येक चिंपांझीला नाव आहे, आईचं नाव माहीत आहे, कोण कधी जन्मलं आणि कधी दिसेनासं झालं हे वहीत आहे. या वह्यांशेजारी विष्ठेच्या तपासण्या ठेवल्यावर २००९ मध्ये चित्र पालटलं. नऊ वर्षांत तपासलेल्या ९४ चिंपांझींपैकी १७ जणांत विषाणू मिळाला, आणि वयाचा हिशेब धरता त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांपेक्षा दहा ते सोळा पट जास्त निघाला. संसर्ग झालेल्या माद्यांना पिल्लं कमी होत आणि झालेली कमी जगत. चिंपांझीतला विषाणू त्या मानाने नवा, तिथे अजून तडजोड व्हायची आहे.

महोदय, माझ्या पत्राचा सगळा जोर या गोंबेच्या वह्यांवर आहे. रानात एखादा चिंपांझी मेला तर प्रेत बहुधा सापडतही नाही. ‘तो मेला’ हे कळण्यासाठी आधी ‘तो होता’ हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. जनुकं वाचणारी यंत्रं आज नागपूरलाच काय, कुठेही विकत मिळतील. पन्नास वर्षांची वही विकत मिळत नाही.

आता माणसाकडे. इथे मला थोडं बारकाव्यात जाऊ द्या, कारण भीती आणि बेफिकिरी या दोन्हींवरचा उतारा याच बारकाव्यात आहे. एचआयव्ही-१ चे चार गट चार वेगवेगळ्या वेळी माणसात आले: एम आणि एन चिंपांझीकडून, ओ आणि पी गोरिलाकडून. एचआयव्ही-२ सूटी मँगाबीकडून आठ-नऊ वेळा स्वतंत्रपणे आला. म्हणजे किमान डझनभर वेळा उडी पडली. त्यांतली जगभर पसरली ती एकच, एम गटाची. एचआयव्ही-२ च्या गटांत ए आणि बी सोडले तर बाकीचे गट एखाद-दोन माणसांत सापडून तिथेच संपलेले दिसतात.

असं का, याचं एक उत्तर टेथरिन या प्रथिनात आहे. पेशीतून बाहेर पडू बघणाऱ्या विषाणूंना टेथरिन पेशीच्या काठाशी वासरू दाव्याला बांधावं तसं बांधून ठेवतं. चिंपांझीचा विषाणू ते दावं नेफ नावाच्या प्रथिनाने सोडवतो. पण नेफ टेथरिनच्या ज्या तुकड्याला धरतं, तो पाच अमिनो आम्लांचा तुकडा माणसाच्या टेथरिनमध्ये नाहीच, आपल्या पूर्वजांत कधीतरी तो गळून गेला. माणसात आलेल्या विषाणूपुढे हा पेच पडला. एम गटाने ते काम व्हीपीयू या दुसऱ्या प्रथिनाकडून करून घेतलं आणि चोख करून घेतलं. एन गटाने तसाच प्रयत्न केला, पण त्या नादात व्हीपीयूचं सीडी४ नष्ट करण्याचं जुनं काम सुटलं. पी गटाला दावं सोडवायला जमलंच नाही. टेथरिन म्हणजे सगळं उत्तर नव्हे, किन्शासाची बाजारपेठ, रेल्वे, दवाखान्यांतल्या सुया यांचाही वाटा त्यात आहे. तरी साथ पसरवणारा आणि न पसरवणारा विषाणू यांच्यात इतका नेमका फरक बोट ठेवून दाखवता येतो, हे विलक्षण आहे.

आणखी एकच नमुना देतो. विषाणूच्या आतल्या मॅट्रिक्स प्रथिनात तिसाव्या जागी चिंपांझींच्या विषाणूत मेथिओनिन किंवा ल्युसिन असतं. एम, एन आणि ओ हे गट वेगवेगळ्या वेळी माणसात आले, तरी तिन्हींत त्या जागी आर्जिनिनसारखं धनभारित अमिनो आम्ल आलं. माणसाचा विषाणू प्रयोगात चिंपांझीत गेला, तेव्हा तीच जागा पुन्हा मेथिओनिनवर परतली. इतक्या जागांमधली एकच जागा, आणि यजमान बदलला की तीच हलते.

उलट बाजूचा दाखला आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात आहे. तिथे लाल कोलोबस माकडांत एसआयव्हीचा प्रसार मोठा आहे आणि तिथले चिंपांझी याच कोलोबसची सर्रास शिकार करतात, रक्तामांसासकट खातात. कोलोबसकडून दुसरे काही विषाणू त्यांच्यात गेल्याचे पुरावे आहेत, पण एसआयव्ही त्यांच्यात सापडलेला नाही. संपर्क झाला की उडी पडलीच, असं समजणाऱ्यांनी ताईकडे बघावं.

हे सगळं आफ्रिकेचं झालं. पण त्याच्या खुणा आपल्या दवाखान्यांतही आहेत. १९९१ मध्ये मुंबईतल्या रुग्णांत एचआयव्ही-२ असल्याचं प्रसिद्ध झालं. ताई जंगलातल्या मँगाबींचं हे देणं गिनी-बिसाऊसारख्या पोर्तुगीज वसाहतींतून जगात फिरलं आणि गोव्यापर्यंतच्या जुन्या पोर्तुगीज वाटांशी संशोधक त्याचा संबंध लावतात. हा विषाणू सावकाश चालतो, पण नेव्हिरापिन आणि इफाव्हिरेन्झ ही एचआयव्ही-१ वरची एकेकाळची नेहमीची औषधं त्याच्यावर मुळात चालतच नाहीत. रुग्णाच्या अंगातला विषाणू चिंपांझीच्या शाखेतला का मँगाबीच्या, यावर त्याच्या हातात कुठली गोळी ठेवायची ते ठरत होतं. आता डोल्युटेग्राविर दोघांवरही चालतं म्हणून ही अडचण बरीच हलकी झाली आहे.

आपल्या माकडांत एसआयव्ही नसला तरी ‘यजमानाला साधा, पाहुण्याला जीवघेणा’ हा प्रकार आहेच. मकाक माकडांमधला हर्पीस बी त्यांच्या तोंडात फार तर पुरळ उठवतो. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये ऱ्हिसस चावलेला एक तरुण डॉक्टर मेंदूला सूज येऊन गेला, तेव्हा माणसाला तो कळला. फोमी विषाणू आशियातल्या मकाकांत सर्वत्र आहे, चाव्यातून माणसात येतो आणि आजवर तरी काही करत नाही. एक विषाणू मारतो, दुसरा ढिम्म बसतो. दोन्ही माकडं मात्र तितकीच धडधाकट असतात. माकड बघून यातला फरक कळत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रानातले विषाणू मोजत बसल्याने पुढची साथ ओळखता येते का? अमेरिकेच्या मदतीने २००९ मध्ये सुरू झालेल्या प्रेडिक्ट प्रकल्पाने अनेक देशांत हजारो जनावरांचे नमुने घेतले, शेकडो नवे विषाणू नोंदवले. साथीचं भाकीत मात्र त्यातून निघालं नाही, आणि टीकाही झाली. ती मला पटते. एसआयव्हीचाच इतिहास बघा: चाळीसहून अधिक विषाणूंची यादी १९०० साली कुणाच्या हातात असती तरी त्यांतला आग्नेय कॅमेरूनमधला एक पुढे काय करणार, हे सांगता आलं नसतं. म्हणून मी आपल्याकडे भाकीत मागत नाही. नव्या विषाणूंची भली थोरली यादीही नको. थोड्या टोळ्या, पण कायमच्या ओळखीच्या टोळ्या, एवढंच मागतो. उद्या काही घडलं तर आधी काय होतं हे दाखवणारी वही असावी.

दुसरी भीती प्रत्यक्षातली आहे. कोकणात माकडांनी नारळ, केळी, भाजीपाला यांची जी नासधूस चालवली आहे, त्याने शेतकरी आधीच वैतागलेला आहे. ‘माकडांत विषाणू’ अशी बातमी फुटली तर दगड, फटाके आणि विष यांना नवं निमित्त मिळेल. आफ्रिकेत मँगाबी आणि चिंपांझी धोक्यात आले ते शिकारीने आणि जंगलतोडीने, आणि उडीही पडली ती बहुधा त्याच शिकारीच्या रक्तातून. आपण निष्कर्ष जाहीर करताना गावच्या ग्रामसभेत, मराठीत, आधी सांगावेत आणि मग शोधनिबंधात. वर्तमानपत्रात वाचून गावाला कळू नये.

म्हणून काही सरळ सूचना. पहिल्या टप्प्यात दोन-तीनच जागा घ्या: पेंच किंवा ताडोबाच्या कडेची वानरांची एखादी टोळी, दोडामार्गाकडची माकडांची एखादी, आणि जमल्यास शहरातल्या एखाद्या देवळाजवळची. प्रत्येक जनावराला नाव द्या, आकडा नको. नाव दिलेलं जनावर लोक विसरत नाहीत. नोंदी ठेवायला वनरक्षक आणि गावातली दोन मुलं-मुली नेमा, पगारावर, कंत्राटावर नव्हे, कारण तीन वर्षांनी प्रकल्प संपला की वही बंद होते हा आपला नेहमीचा अनुभव आहे. नमुने विष्ठेचेच घ्या, जाळं आणि भूल शक्यतो टाळा. आफ्रिकेतले नमुने कॅमेरूनहून अलाबामाला आणि माँपेलिएला जात, ते त्या काळी अपरिहार्य होतं. आपले नमुने आपल्याच शीतगृहात राहू द्यात आणि त्याची एक जोडप्रत पुण्याला ठेवा, वीज जाणं आपल्याला नवीन नाही. पुढच्या पिढीतल्या कुणाला आज ठाऊक नसलेला प्रश्न विचारायचा असेल, तर त्याला नळी उघडता आली पाहिजे. आणि मेलेल्या माकडांच्या ज्या नोंदी आज जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्या या नव्या वहीला जोडून घ्या. कुठल्या टोळीतलं माकड मेलं ते तेव्हाच कळेल, जेव्हा ती टोळी आधीपासून ओळखीची असेल.

यांतलं काही आपल्या आराखड्यात आधीच असेल, तर या पत्राचा तेवढा भाग वगळून वाचावा आणि ते कुठे सुरू होतंय हे जाहीर करावं. नसेल, तर येत्या अंदाजपत्रकात ‘दीर्घकालीन निरीक्षण’ असं एक स्वतंत्र लेखाशीर्ष मागून घ्या. रक्कम छोटी चालेल, पण ते दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावं लागू नये, एवढी तजवीज त्यातच करून ठेवा.



आपला,
विज्ञानाचा एक मराठी वाचक